कामिरीथूचे रंगपीठ : संहिता, सहभाग आणि सत्ता

नाटकाच्या इतिहासलेखनात संहितेला मिळणारे अग्रस्थान बहुधा गृहीतच धरलेले असते. लेखक, संहिता, पहिला प्रयोग, पुढील आवृत्त्या, टीका हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की एखादी कृती या क्रमात बसत नसली, तर समीक्षा त्या कृतीलाच कापूनछाटून क्रमात बसवून घेते. 'न्गाहिका न्देन्दा' (मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन) या गिकुयू भाषेतील नाटकाच्या वाट्याला हेच आले आहे. मराठीत देशीवादाची चर्चा १९८० नंतर रंगली, तेव्हापासून न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) हे नाव आपल्या समीक्षेत वारंवार येते. परंतु ते येते प्रामुख्याने इंग्रजी सोडून मातृभाषेत लिहू लागलेल्या एका लेखकाच्या निर्णयाचे उदाहरण म्हणून. हा निर्णय ज्या ठिकाणी झाला ते ठिकाण, म्हणजे नैरोबीजवळच्या लिमुरू परिसरातील कामिरीथू हे खेडे, आणि तेथे शेतमजूर, कारखान्यातील कामगार, म्हाताऱ्या बाया, बेकार तरुण व शाळकरी पोरे यांनी मिळून चालवलेले सांस्कृतिक केंद्र, यांचा उल्लेख झालाच तर पार्श्वभूमी म्हणून होतो. वास्तविक कामिरीथू ही पार्श्वभूमी नव्हे. निर्णयाचे कर्तेपण बऱ्याच अंशी तिकडेच जाते.

कामिरीथूचा भूगोल हाच मुळी वसाहतवादी दडपशाहीने घडवलेला आहे. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिश सरकारने केनियात आणीबाणी पुकारली. माउ माउ बंडखोरांना मिळणारे अन्नपाणी व आसरा तोडण्यासाठी गिकुयू शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या वस्त्या मोडून, दहा लाखांच्या आसपास माणसे नव्या 'आणीबाणीच्या खेड्यां'त कोंडण्यात आली. कामिरीथू हे त्यांपैकी एक. १९६३ साली देश स्वतंत्र झाला तरी ही खेडी विरली नाहीत. कारण तेथील अनेकांना परत जाण्यासाठी जमीनच उरलेली नव्हती. जवळच बाटाचा बुटांचा कारखाना होता, प्लॅस्टिकचे पाइप तयार करणारा एक उद्योग होता, चहाचे मळे होते. गावातली माणसे तेथे मजुरी करीत आणि उरल्या वेळात तुकड्यातुकड्यांची शेती. गावाच्या मध्यभागी तरुणांच्या केंद्रासाठी म्हणून राखलेली चार एकर जागा होती आणि तीवर मातीच्या भिंतींची, गळक्या पत्र्याची एक चार खोल्यांची इमारत. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथे फारसे काही घडत नव्हते.

थिओंगो यांनी पुढे जी हकिकत लिहिली तिच्या आरंभी एक स्त्री आहे. १९७६ च्या सुरुवातीस ती त्यांच्या घरी गेली आणि तुम्ही शिकलेले लोक गावाला काही शिकवणार की नाही, अशा अर्थाचा प्रश्न तिने विचारला. थिओंगो तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्याचे अध्यापक होते, इंग्रजीतील कादंबरीकार म्हणून आफ्रिकेबाहेरही मान्यता पावलेले होते. त्यांनी प्रश्न टाळला. ती पुन्हा आली, आणि त्यानंतरही येत राहिली. या स्त्रीचे नाव थिओंगो यांच्या १९८६ च्या निबंधात येत नाही. सामूहिकतेचा एवढा आग्रह धरणाऱ्या या इतिहासात कार्याचा आरंभ करणारी व्यक्ती निनावी राहावी आणि तिच्या आग्रहाची नोंद तरी लेखकाच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत यावी, ही गोष्ट साधी नाही. कामिरीथूविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातील मोठा भाग एकाच हाताने लिहिलेला आहे, हे भान पुढील सर्व विवेचनात ठेवावे लागते.

केंद्राचा पहिला उपक्रम नाटकाचा नव्हता; तो प्रौढ साक्षरतेचा होता. विद्यापीठाच्या विकास-अभ्यास संस्थेत काम करणारे न्गुगी वा मिरी यांनी त्याची आखणी केली. (दोघांचेही नाव न्गुगी, 'वा' म्हणजे अमक्याचा मुलगा. घोटाळा टाळण्यासाठी येथे थिओंगो व मिरी असाच उल्लेख केला आहे.) पाउलो फ्रेरे यांच्या शिक्षणविचाराचा या आखणीवर प्रभाव होता. मुळाक्षरे आधी आणि अर्थ नंतर, हा क्रम तेथे नव्हता. शिकणाऱ्यांच्या जगण्यातले शब्द आणि त्या शब्दांभोवतीची चर्चा यांतून वाचन सिद्ध व्हावे अशी कल्पना होती. केंद्राचे व्यवस्थापन शेतकरी, कामगार, एक शाळाशिक्षक, एक व्यापारी अशा मंडळींच्या समितीकडे होते. विद्यापीठातील माणसे त्या समितीला बांधील होती, निदान तत्त्वतः तरी. नाटकाची गरज या वर्गांतूनच उत्पन्न झाली. नव्याने वाचू लागलेल्यांना वाचण्यासाठी काहीतरी हवे होते, आणि चर्चेत निघालेल्या गोष्टींना, म्हणजे वेतन, जमीन, कर्ज, चर्च, दारू यांना, एका ठिकाणी आणणारा आकारही हवा होता. डिसेंबर १९७६ मध्ये समितीने दोन्ही न्गुगींवर संहितेचे काम सोपवले. एप्रिल १९७७ पर्यंत पहिला खर्डा तयार झाला.

येथून पुढचा भाग साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. खर्डा गावासमोर वाचला गेला आणि गावाने तो दुरुस्त करावयास घेतला. वृद्ध पात्रांच्या तोंडची भाषा वृद्धांसारखी नाही, हा पहिला आक्षेप. गिकुयू बोलण्यात म्हणी, आडवळणे, वयाचा व नात्याचा मान यांची जी बारीक व्यवस्था असते ती इंग्रजीत लिहिणाऱ्या दोन विद्वानांच्या हातून निसटली होती. 'गितिरो' हा विवाहप्रसंगीचा, सवालजवाबाच्या अंगाने जाणारा नृत्यगीतप्रकार. त्याची रचना कशी असते हे अक्षरओळख नसलेल्या एका वृद्ध स्त्रीने तपशीलवार सांगितले व त्याप्रमाणे तो प्रवेश उभा राहिला. कारखान्यातील कामगारांनी आपल्या वेतनाचा आणि आपल्या श्रमातून मालकाला मिळणाऱ्या लाभाचा हिशेब मांडला, आणि तो हिशेब गिचांबा या कामगार पात्राच्या भाषणात गेला. प्रयोगासाठी लाकडी बंदुका हव्या होत्या; त्या, माउ माउच्या काळात अरण्यात खऱ्या बंदुका घडवलेल्या माणसांनी करून दिल्या. अशा एका नाटकात 'सामग्री' आणि 'साक्ष' यांची सीमारेषा कोठे आखावयाची? एरवी रंगसाहित्य हे वास्तवाचे अनुकरण असते. येथे बंदूक खोटी आहे, पण ती घडवणारा हात खरा आहे, आणि प्रेक्षकांना तो हात ओळखीचा आहे.

नाटकाचे कथानक वरवर पाहता साधे आहे. किगुंडा या शेतमजुराच्या घरात दीड एकर जमिनीचा मालकीहक्काचा कागद चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेला आहे. अहाब किओई हा श्रीमंत, धर्मशील जमीनदार आणि त्याचे परदेशी भागीदार यांना ती जमीन कीटकनाशकांच्या कारखान्यासाठी हवी आहे. किओईचा मुलगा किगुंडाच्या मुलीला, गाथोनीला, नादी लावतो. किओई पतिपत्नींना आपल्या मुलीचे लग्न ठरवावयाचे असावे, असा भाबडा समज करून घेऊन किगुंडा व त्याची बायको वांगेची हे चर्चमध्ये आपल्याच विवाहाचे 'शुद्धीकरण' करून घेण्यास तयार होतात, त्या खर्चासाठी कागद गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढतात आणि अखेर जमीन गमावतात. गाथोनी टाकली जाते. पात्रांचे हे द्वंद्व ढोबळ आहे, धनिकांची चित्रे व्यंगचित्रांकडे झुकतात, शेवट घोषणेच्या जवळ जातो, असे आक्षेप केवळ छापील संहिता वाचणारा समीक्षक घेईल. आणि ते निराधारही नाहीत. मात्र ज्या श्रोत्यांनी आपला स्वतःचा जमिनीचा कागद असाच कोठेतरी गमावलेला आहे, त्यांच्यासमोर भिंतीवरची ती चौकट रिकामी होताना जे घडते ते छापील पानावर उतरत नाही. गाण्यांचेही तसेच. संहितेत ती कथेला अडवून धरतात असे वाटते. प्रयोगात किगुंडाची स्मृती, त्याची तरुणाई, आणीबाणीपूर्वीचा आणि आणीबाणीतला काळ हे सर्व गाण्यांच्याच आधारे रंगपीठावर येत असते.

जून ते सप्टेंबर १९७७ या काळात तालमी झाल्या, आणि त्या उघड्यावर झाल्या. हा निर्णय प्रथम केवळ सोयीचा असावा. त्याचे परिणाम मात्र सैद्धान्तिक ठरले. पात्रांची निवड सर्वांसमक्ष होई. दिग्दर्शक किमानी गेचाउ हे विद्यापीठात साहित्याचे अध्यापक. परंतु येणारे-जाणारेही मध्येच थांबून सूचना करीत, एखाद्याचे चालणे चुकले तर चालून दाखवीत. पोरे तालमी पाहून गाणी उचलत आणि गावभर म्हणत. तयार वस्तू एकदम लोकांसमोर ठेवावयाची आणि ती तयार होतानाचे चुकणे, अडखळणे झाकून ठेवावयाचे, हा व्यावसायिक रंगभूमीचा रिवाज. त्या रिवाजामुळे प्रेक्षकाला कलावंताच्या कौशल्याचा धाक वाटतो. कामिरीथूत काल अडखळणारा शेजारी आज कसा सफाईने बोलतो हे लोकांनी पाहिले होते. प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षकांतील बहुतेकांना नाटक अगोदरच ठाऊक होते, तरी ते आले.

रंगपीठही गावानेच उभारले. प्रारंभी तरुणांनी काड्यापेटीतील काड्या मांडून त्याची आकृती केली होती. प्रत्यक्षात अर्धवर्तुळाकार उंच रंगपीठ, मागे बांबूची भिंत, तीमागे सामानासाठी व वेशभूषेसाठी खोल्या, समोर पायऱ्यांसारखी चढत गेलेली लाकडी बाके, आणि वर छप्पर नाही, अशी ती रचना होती. दोन हजारांहून अधिक माणसे तेथे बसू शकत. रंगपीठ आणि प्रेक्षागार परस्परांपासून तोडलेले नसल्याने नट लोकांमधून ये-जा करीत. एका प्रयोगात तर काही नट, तालमीत नसताना, मागच्या निलगिरीच्या झाडांवर चढले आणि तेथून गाण्यात सामील झाले. ही रचना नैरोबीतील राष्ट्रीय नाट्यगृहाशी ताडून पाहावी. ते नाट्यगृह १९५२ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्याच वर्षी, उघडले आणि स्वातंत्र्यानंतर तेरा वर्षांनीही त्याचे वेळापत्रक प्रामुख्याने युरोपीय हौशी मंडळांच्या सोयीने चाले. १९७६ साली थिओंगो व मिचेरे गिथाए मुगो यांचे 'द ट्रायल ऑफ डेडान किमाथी' आणि फ्रान्सिस इंबुगा यांचे 'बिट्रेयल इन द सिटी' या नाटकांना तेथे मोजकेच दिवस मिळावेत यावरून मोठा वाद झाला होता. राष्ट्रीय नाट्यगृहाच्या मालकीविषयी चाललेला तो वाद बाजूस ठेवून कामिरीथूने एक निराळेच नाट्यगृह उभे केले, असे म्हणता येईल.

रविवार, २ ऑक्टोबर १९७७ रोजी माउ माउ उठावाच्या पंचविसाव्या वर्षाचे निमित्त साधून पहिला प्रयोग झाला. प्रयोग रविवारी दुपारी होत. इतर दिवशी माणसे कामावर, आणि लिमुरूच्या संध्याकाळी थंड. एका प्रयोगात पावसाने तीनदा व्यत्यय आणला. प्रत्येक वेळी नट व प्रेक्षक आडोशाला गेले आणि पाऊस थांबताच परत आपापल्या जागी आले. आसपासच्या गावांतून गाड्या भरभरून लोक येऊ लागले. आपल्याकडेही असे केंद्र व्हावे म्हणून काही गावांची माणसे चौकशी करून गेली. सहा आठवडे हे चालले. १६ नोव्हेंबर १९७७ रोजी प्रयोगाचा परवाना मागे घेण्यात आला. वर्षाच्या अखेरच्या दिवशी थिओंगो यांना अटक झाली आणि १९७८ चे जवळजवळ सबंध वर्ष त्यांनी कामिती तुरुंगात, कोणताही खटला न चालता, काढले. तेथेच शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयू भाषेतील आपली पहिली कादंबरी लिहिली. हा भाग सर्वश्रुत आहे आणि तोच पुन्हा पुन्हा सांगितला जातो.

त्याच वर्षीचा दुसरा एक प्रसंग त्यामानाने कमी सांगितला जातो. जुलै १९७७ मध्ये थिओंगो यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्योत्तर सत्ताधाऱ्यांवर तीत केलेली टीका नाटकातील टीकेहून सौम्य नाही. उलट ती अधिक विस्तृत व अधिक मर्मभेदी आहे. तरीही तिचे प्रकाशन नैरोबीत तत्कालीन अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते समारंभपूर्वक झाले. याचा खुलासा केवळ भाषेच्या आधारे केला जातो : इंग्रजीतील टीका अभिजनांपुरती राहते, गिकुयूतील टीका लोकांपर्यंत पोचते. हा खुलासा खरा आहे, परंतु अपुरा आहे. कारण 'न्गाहिका न्देन्दा'ची गिकुयू संहिता १९८० मध्ये केनियातच पुस्तकरूपाने निघाली, विकली गेली आणि वाचली गेली. भाषा तीच, शब्द तेच. प्रयोगाला मात्र परवानगी मिळाली नाही. म्हणजे सत्तेला धोका वाटला तो आशयाचा नव्हे, आणि निव्वळ भाषेचाही नव्हे. एकत्र येऊन, समिती नेमून, जागा बांधून, चुका सुधारीत एखादी गोष्ट सिद्धीस नेण्याची सवय एका आणीबाणीच्या खेड्याला लागत होती, ती सवय सत्तेला नको होती. सार्वजनिक जमावासाठी परवाना लागावा हा नियम वसाहतकाळापासूनचा. तो स्वतंत्र सरकारने जसाच्या तसा वापरला. साहित्यसमीक्षेने ज्या गोष्टीला 'संदर्भ' म्हणून तळटीपेत ढकलले तिचे मोल जिल्हाधिकाऱ्याने अचूक ओळखले होते, असे खेदाने म्हणावे लागते.

पुढच्या नाटकाने हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. १९८१ च्या अखेरीस केंद्राने 'माइतु न्जुगिरा' (आई, माझ्यासाठी गा) हे संगीतनाटक हाती घेतले. काळ १९२०-३० चा, विषय वसाहतीतील मजुरीचे कायदे व त्यांना झालेला प्रतिकार. पहिल्या नाटकावर ते एकाच भाषिक समूहापुरते असल्याचा ठपका येऊ शकत होता. येथे केनियातील निरनिराळ्या समूहांच्या भाषांतील गाणी जाणीवपूर्वक घेतलेली होती. १९ फेब्रुवारी १९८२ रोजी राष्ट्रीय नाट्यगृहात प्रयोग व्हावयाचा होता. मंडळी पोचली तेव्हा दारांना कुलपे होती. मग विद्यापीठाच्या नाट्यगृहात 'तालमी' सुरू झाल्या, आणि तालीम पाहण्यास परवाना लागत नसल्याने, त्याही बंद होईपर्यंत सुमारे दहा तालमींना दहा हजारांहून अधिक लोक येऊन गेले. ११ मार्चला केंद्राची मान्यता काढून घेण्यात आली. १२ मार्च १९८२ रोजी सशस्त्र पोलिसांचे ट्रक कामिरीथूत आले आणि त्यांनी खुले रंगपीठ जमीनदोस्त केले. थिओंगो त्याच वर्षी परदेशी गेले ते जवळजवळ कायमचेच. मिरी व गेचाउ झिम्बाब्वेत गेले.

या दोन नाटकांचे भवितव्य शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. 'न्गाहिका न्देन्दा'ची संहिता आहे, तिचे इंग्रजी रूपांतर १९८२ मध्ये आले, ती जगभरच्या अभ्यासक्रमांत शिरली. तिचे गावातले प्रयोग सहा आठवडे टिकले. 'माइतु न्जुगिरा' हजारोंनी पाहिले, पण ते कधीच छापले गेले नाही. त्यामुळे उत्तर-वसाहतवादी नाटकाच्या बहुतेक विवेचनांत त्याला ओझरती जागा मिळते. स्वीडिश अभ्यासक इंग्रिड ब्योर्कमन यांनी १९८९ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, हा सन्माननीय अपवाद. संहिता असणे हीच अस्तित्वाची खूण मानणारी इतिहासदृष्टी येथे अडचणीत येते, आणि ती अडचण आफ्रिकेपुरती नाही. आपल्याकडील सत्यशोधक जलशांची जी थोडीबहुत संहिता हाती लागते तिच्याच आधारे जलशाविषयी बोलण्याची रीत पडली आहे. अर्थात जलसा आणि कामिरीथू यांची तुलना घाईने करू नये. जात, धर्मसुधारणा व मुक्त मजुरी यांचे संबंध दोन्हीकडे फार भिन्न आहेत. येथे साम्य आहे ते साधनांच्या अभावाचे आणि त्या अभावातून समीक्षेने काढलेल्या सोयीच्या निष्कर्षांचे.

छापील संहितेवर दोनच नावे आहेत, याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. गितिरो सांगणारी वृद्धा, वेतनाचा हिशेब मांडणारे कामगार, बंदुका करणारे हात यांचा ऋणनिर्देश थिओंगो यांनी निबंधांत मोकळेपणाने केला आहे, आणि तो करणे त्यांना टाळता आले असते. तरीही पुस्तकाच्या व्यवहारात 'लेखक' हे पद रिकामे राहू शकत नाही. ते भरावे लागते, आणि ते विद्यापीठातून आलेल्यांनीच भरले जाते. गिचिंगिरी न्डिगिरिगी यांनी २००७ च्या ग्रंथात या प्रयोगाची फेरतपासणी केली, ती अशा प्रश्नांमुळे आवश्यकच होती. समूह खरोखर किती ठरवत होता, आणि मार्गदर्शक म्हणून आलेल्यांचा वर्गविचार कितपत अगोदरच ठरलेला होता? खर्डा लोकांनी सुधारला हे खरे. पण खर्डा प्रथम दोघांनी लिहिला हेही खरे. स्त्रियांचा सहभाग एवढा मोठा असताना गाथोनीचे पात्र मात्र पतनाच्या ठरीव वाटेने जाते, आणि तिची बाजू मांडणारे बोल नाटकात फार थोडे आहेत. गावातील बायांनी भाषा दुरुस्त केली तशी ही वाट दुरुस्त करावी असे त्यांना वाटले नाही, की वाटूनही त्यांचे चालले नाही, याचा निवाडा छापील संहितेवरून होत नाही.

झिम्बाब्वेतील पुढचा इतिहास वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. तेथे नवस्वतंत्र सरकारला अशा कार्यकर्त्यांची गरज होती, आणि १९८३ मध्ये मुरेवा येथे झालेल्या कार्यशाळेत मिरी, गेचाउ यांचा अनुभव कामी आला. त्या कार्यशाळेची दैनंदिनी रॉस किड यांनी प्रसिद्ध केली. क्रांतीसाठीच्या लोकरंगभूमीपासून पुनर्रचनेसाठीच्या रंगभूमीकडे, असा तिच्या शीर्षकाचा आशय आहे. केनियात जे तंत्र सत्तेने बुलडोझर लावण्याइतके धोक्याचे मानले तेच आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका देशात सरकारी विकासकार्याचे साधन झाले. त्याच सुमारास 'विकासासाठी रंगभूमी' हा प्रकार आफ्रिकेत सर्वत्र पसरत होता. बोट्स्वानातील 'लाएद्झा बातानानी'पासून, म्हणजे १९७४ पासून, त्याची परंपरा सांगता येते. आरोग्य, स्वच्छता, साक्षरता, पुढे एड्स, अशा विषयांवर परदेशी निधीने शेकडो कार्यशाळा झाल्या. पेनिना म्लामा (१९९१) व डेव्हिड कर (१९९५) यांनी त्यांतील मर्यादा दाखवल्या आहेत : विषय बाहेरून ठरतो, गाव फक्त उदाहरणे पुरवते. कामिरीथूत विषय आतून आला होता आणि मदत बाहेरून. हा क्रम उलटला की तालमी उघड्यावर घेऊनही फारसा फरक पडत नाही.

मिरी झिम्बाब्वेतील सामुदायिक रंगभूमीच्या संघटनेत अखेरपर्यंत काम करीत राहिले. २००८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. 'न्गाहिका न्देन्दा' २०२२ मध्ये नैरोबीत, गिकुयू व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, पुन्हा रंगपीठावर आले. निर्मिती व्यावसायिक होती, तिकीट काढून नाट्यगृहात बसणारा प्रेक्षक होता, आणि कोणी ते थांबवले नाही. कामिरीथूतील जागेवर, रंगपीठ पाडल्यानंतर, सरकारने तंत्रशिक्षणाची शाळा काढली.